बायकोच्या वतीने

टेलरमास्तरांच्या दुकानात गिऱ्हाइकाने स्वतः आलंच पाहिजे, असा नियम कधीच नव्हता. अंगाला नीट बसणारा एक जुना कपडा पाठवून द्यायचा. मास्तर तो टेबलावर पसरणार, टेप लावणार आणि अगदी तस्साच दुसरा शिवून देणार. आसपासच्या कितीतरी लोकांची तोंडं मास्तरांनी पाहिलेली नव्हती, पण त्यांच्या पोटांचे घेर त्यांना पाठ होते. "माणसाला कशाला तसदी?" ते म्हणायचे. "माणूस माप देताना श्वास आत ओढून उभा राहतो, लबाड! जुना शर्ट कधी लबाडी करत नाही."

घरातही हाच खाक्या. बायकोचा दात दुखला की डॉक्टरकडे हे हजर: खालचा, डावीकडचा, गार पाण्याने ठणकतो, काय देताय बोला. बायकोला नवी चप्पल हवी असली तरी जुनी पिशवीत घालून हेच दुकानात जायचे. बायको हसायची. ती हसायची म्हणजे डोळे घट्ट मिटून, भिंतीचा आधार घेऊन हसायची. मास्तरांनी सगळा संसार केला तो या हसण्यावर. सकाळी ती कामाला निघण्याआधी तिला एकदा तरी हसवायचं, हे व्रत त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. नाही साधलं तर दिवसभर त्यांची शिवण वाकडी जायची.

ती तलावावर पोहायला शिकवायची. पाण्याला घाबरणारी पोरं तिच्या हाताखालून मासोळ्या होऊन बाहेर पडत. आणि अशाच एका सकाळी शिकाऊ पोरांतला एक मुलगा पाण्याखाली गेला. आरडाओरडा नाही, हातपाय झाडणं नाही, गुपचूप गेला. तिने पाहिलं, उडी टाकली, त्याला काठावर आणलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. मुलगा खोकला, रडला आणि वाचला. आता तर तो चांगला टुणटुणीत आहे आणि पुन्हा पोहायलाही लागलाय. त्याचे आईवडील घरी आले, तिच्या पाया पडायचे तेवढे बाकी राहिले होते. जो भेटेल तो म्हणायचा, तुमच्यामुळे वाचलं हो लेकरू. हे ऐकताना ती जमिनीकडे बघत राहायची.

तेव्हापासून ती बदलली. नळाचं पाणी बादलीत पडायला लागलं की हातातलं काम टाकून न्हाणीघराकडे धावायची. झोपेतून दचकून उठायची. घरात चार माणसं जमली की मनातल्या मनात डोकी मोजायची. त्यातलं कुणी उठून आत गेलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तलावावर ती गेलीच नाही. तिथल्या साहेबांनी सांगितलं, तुमची जागा कुठे जात नाही, सावकाश या. नोकरीची मास्तरांना फिकीर नव्हती. त्यांना बायकोचं हसणं परत हवं होतं, बाकी काही नको होतं.

म्हणून त्यांनी केलं काय, तर विनोदांचा मारा! चहाबरोबर एक, जेवताना दोन, झोपताना एक. गिऱ्हाइकांच्या गमती, नकला, जुने किस्से. बायको ऐकायची, तोंड कसनुसं करायची आणि उठून भांडी विसळायला जायची. मास्तर म्हणायचे, डोस कमी पडतोय.

शेवटी बायकोची थोरली बहीण मध्ये पडली. ती इस्पितळात नर्स होती आणि बोलायला फटकळ. "हे काही आपोआप जायचं नाही," ती म्हणाली. "आमच्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एक समुपदेशक बाई बसतात. असे धक्के बसलेल्या माणसांबरोबरच काम करतात. जाऊन बघ. नाही पटल्या तर दुसऱ्या शोधू, प्रत्येकाशी सूर जुळतोच असं नाही."

"मला कसला धक्का बसलाय?" बायको म्हणाली. "बुडाला तो मुलगा, वाचलाही तो. मी काठावरची. आणि मी वेडी नाही." एवढं बोलून तिने खोलीचं दार लावून घेतलं.

दार लागलं तसं मास्तरांचं डोकं चालायला लागलं. ती येत नाही ना? नको येऊ दे. आपण कशाला आहोत? त्यांनी फोन करून बुधवारची वेळ घेतली. मेहुणीला कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. "रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आणि हे बघा, मी माझ्या बहिणीला म्हैस म्हणत नाहीये, तुम्हाला पखाल म्हणतेय."

समुपदेशक बाईंची खोली जिन्याने वर गेल्यावर, एका नळसामानाच्या दुकानाच्या डोक्यावर होती. दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल आणि खिडकीला पडदा. पडद्याची एक बाजू चांगली बोटभर लांब होती, आणि मास्तरांची नजर तिथेच अडकली. बाई वयाने लहान, आवाजाने मोठ्या.

मास्तरांनी सगळं माप काढून ठेवलं. झोप किती, भूक कशी, बादलीचं काय, मोजणीचं काय. मग हात झटकून म्हणाले, "तर असं आहे. आता काय द्यायचं ते द्या, तिच्या गळी उतरवायचं काम माझं."

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "मास्तर, तुमचं काम जुन्या कपड्यावर भागतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे माणूसच लागतं. तुमच्यामार्फत मला त्यांच्यावर उपचार करता येणार नाहीत. पण एक सांगते, हे वेड नव्हे. मोठा धक्का बसला की कधीकधी मनाला कळतं की संपलं, पण अंगाला कळत नाही. ते तिथेच पहाऱ्यावर उभं राहतं. पाण्याचा आवाज आला की धावतं. इथे आम्ही त्याला हळूहळू पटवतो, की बाबा रे, आता पहारा सोडलास तरी चालेल. त्याला वेळ लागतो. आणि आल्या आल्या सगळं सांगून टाकायची सक्ती कुणावर नसते."

"म्हणजे मी रिकाम्या हाताने जाऊ?"

"तुम्ही आलाच आहात तर तुमचं विचारते. तुम्ही कसे आहात?"

"मी?" मास्तर हसले. "मला काय धाड भरलीय?" आणि त्यांनी पडद्यावर एक विनोद केला. बाई हसल्या, पण मग गप्प बसून राहिल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती. मास्तरांनी दुसरा विनोद काढायला तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर आलं. "घर फार गप्प झालंय हो," ते म्हणाले, आणि एवढा मोठा बाप्या माणूस टेबलावरचा रुमाल तोंडाला लावून ढसाढसा रडला.

पुढच्या बुधवारी ते पुन्हा गेले. थोडी माहिती द्यायची राहिली होती म्हणे. त्याच्या पुढच्या बुधवारीही काहीतरी राहिलंच होतं. घरी सांगायचे, बटणं आणायला चाललोय.

बायको काही दुधखुळी नव्हती. एका बुधवारी मास्तर घरी आले तेव्हा ती दारातच उभी. "एवढी बटणं लावायला शर्ट कुठे आहेत?" तिने विचारलं. मग त्यांचे डोळे पाहून तिचा आवाज बदलला. "रडलात तुम्ही?"

चोरी पकडली गेली. मास्तरांनी सगळं कबूल केलं. बायको तडकली. "माझं दुखणं उचलून परक्या बाईसमोर मांडलंत? मला न विचारता? मी काय शर्ट आहे?"

"चुकलं," मास्तर म्हणाले. "खरंच चुकलं. तुझं घेऊन गेलो होतो, पण तिथे माझंच निघालं."

ती स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आली आणि पेला त्यांच्या हातात देत म्हणाली, "येत्या बुधवारी मी येते. माझ्या नवऱ्याला दर आठवड्याला रडवणारी कोण आहे ती, बघते एकदा."

बुधवारी दोघं जोडीने जिना चढले. बाईंनी तिसरी खुर्ची आणून ठेवली होती. त्यांनी बायकोला विचारलं, "झोप कशी लागते?"

"छे, कसली झोप!" मास्तर म्हणाले. "पहाटे जरा डोळा लागला तर—"

"मास्तर," बाई म्हणाल्या. मग बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, "यांनी आत बसावं की बाहेर? तुम्ही ठरवा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, माया होती, आणि तरी ती म्हणाली, "बाहेर."

मास्तरांना ते फार लागलं. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दार बंद होतं, आतलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. हिला शब्द सापडायचे नाहीत, त्यांना वाटत होतं. ही अडखळेल, आपण असतो तर दोन शब्द पुरवले असते. एकदा ते उठून दारापर्यंत गेलेही. कडीला हात लावला. मग त्यांना तिचं 'बाहेर' आठवलं आणि ते परत येऊन बसले. आख्ख्या संसारात त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम हेच असेल.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. दोघं खाली उतरले. नळसामानाच्या दुकानासमोर झाडाखाली एक कट्टा होता, तिथे ती एकदम बसली. मास्तर शेजारी बसले. सवयीने त्यांच्या ओठांवर एक गंमत आली.

"आज नको," ती म्हणाली.

मास्तरांनी ओठ मिटले.

"त्या दिवशी मी हसत होते," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"तो मुलगा खाली गेला तेव्हा. तुम्ही सकाळी किस्सा सांगितला होतात ना? जावयाने मापाला म्हणून पँट पाठवली, ती निघाली सासऱ्याची. आणि सासरेबुवा नवी पँट घालून म्हणाले, जावयाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दिलं. तो किस्सा मी तिकीटखिडकीतल्या बाईंना सांगत होते. सांगता सांगता मलाच हसू आवरेना. तुम्हाला माहितीय मी कशी हसते ते. माझे डोळे मिटले होते हो. उघडले तर एक डोकं कमी."

एवढे महिने रोज चहाबरोबर, जेवताना, झोपताना मास्तरांनी जे काही वाढलं होतं ते एकेक करून त्यांच्यासमोर उभं राहिलं. "आणि मी तुला..." ते म्हणाले.

"तुम्ही बोलायला लागलात की मी परत त्या काठावर," ती म्हणाली. "पण सांगू कशी? किस्सा तुमचा. तुम्ही जन्मभर तोंडाला कुलूप लावून बसला असतात. सगळे म्हणतात तुमच्यामुळे वाचला. माझ्यामुळे बुडालाही होता, हे कुणाला सांगू? आज पहिल्यांदा त्या बाईंना सांगितलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. नुसतं ऐकलं."

तुझी काय चूक, असं मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. वाचला ना तो, झालं तर मग, हेही आलं होतं. पण हे तर तिला सगळ्या जगाने सांगून झालं होतं. ते एवढंच म्हणाले, "फार दिवस एकटीने वागवलंस गं."

त्यावर ती रडली. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले, तरी रडली. मास्तरांनी तिला गप्प केलं नाही, हसवलं नाही, पाणी आणायला पळाले नाहीत. तिचा हात हातात धरून बसून राहिले. तिच्यावर त्यांचा जितका जीव होता तितका सगळा त्या बसण्यात होता.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. "पुढच्या बुधवारी बोलावलंय. मी एकटी येईन."

"ये."

"वेळ लागेल म्हणाल्या. पाण्यात उतरेन की नाही, तेही आत्ता सांगता येत नाही."

"लागू दे वेळ. नाही उतरलीस तरी बिघडत नाही." मास्तर जरा घुटमळले. "फक्त मला आता दुसरा वार मागून घ्यावा लागेल. बुधवार तुझा झाला."

"तुम्हाला आणखी काय बोलायचंय?"

"आत्ता तू सांगितलंस ते," मास्तर म्हणाले. "ते मला एकट्याला झेपायचं नाही. आणि तुझ्यावर टाकायचं नाहीये मला."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. काय तुम्ही, असं ती म्हणाली नाही. त्यांच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर तिने हाताने सारखी केली.

"मग आत्ताच वर जाऊन विचारून या," ती म्हणाली. "मी बसते इथे."

मास्तर उठले आणि जिना चढायला लागले.