अस्वलाच्या आतली आत्या

मुलांनो, जरा डोळे मिटा. हो, पण डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? बरं, उघडेच ठेवा. मनातल्या मनात मात्र मी सांगतो तसं करा.

भर उन्हाळ्यातली दुपार आहे. तुमच्या अंगाभोवती दोन जाड रजया गुंडाळल्या आहेत. डोक्यावर एक पिंप पालथं घातलंय. पिंपाला पुढून पोस्टकार्डाएवढं भोक आहे आणि भोकावर काळी जाळी. हातांना उशा बांधल्यात. आता तुमच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आला. पुसा बघू. नाही ना जमत? राहू दे. आता त्याच उशीने लोकांना टाटा करा. आनंदाने करा, कंटाळा दिसता कामा नये. आणि हे तीन तास.

हे ज्या बाईला करावं लागलं ती लवंगीची आत्या होती.

लवंगी नऊ वर्षांची. हे तिचं खरं नाव नव्हे, पण बारक्या मिरचीसारखी अंगाने एवढीशी आणि बोलायला तिखट, म्हणून घरात सगळे तिला तेच म्हणत. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करत. स्वभावाने शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, यांच्याच घरी राहायची. शहरातल्या सगळ्यात मोठ्या खेळण्यांच्या दुकानात ती कामाला होती. दुकान पाच मजली, पण आत्याचा मजला जमिनीखालचा. तिथे दिवसभर उभं राहून खोकी बांधायची, रिबिनी लावायच्या. वरच्या मजल्यावर ज्यांच्या हातात ती खोकी पडत, त्यांना खाली कोणी असतं हेसुद्धा माहीत नसे.

दरवर्षी शहराच्या स्थापनेच्या दिवशी सुट्टी असायची आणि मोठी मिरवणूक निघायची. बँड, आगीचे बंब, कसरती करणारी मुलं, सजवलेले ट्रक. दुकानाची खूण म्हणजे निळं अस्वल, ते मिरवणुकीत चालत जायचं. मागच्या वर्षी एक हमाल अस्वल झाला होता. तो घेरी येऊन पडला आणि आठवडाभर तापाने फणफणला. या वर्षी हमालांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. मग दुकानाने चिठ्ठ्या टाकल्या.

"चिठ्ठी निघाली माझी," आत्या घरी येऊन म्हणाली. "आमचं नशीबच मोठं."

"किती चिठ्ठ्या होत्या?" लवंगीने विचारलं.

"सहा."

"दुकानात तर दोनशे माणसं आहेत ना?"

"सहाच. सगळ्या आमच्या तळघरातल्या." आत्या हसली. "नशीबसुद्धा जिना चढून वर जात नाही बघ."

बाबाही हसले. लवंगी हसली नाही. सगळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकायच्या आणि नावं मात्र सहाजणींचीच घालायची, याला नशीब म्हणतात होय?

सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा आणि लवंगी आत्याला सोडायला तळघरात गेले. तिथे अस्वल भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, डोकं वेगळं आणि धड वेगळं. मागच्या हमालाचा वास अजून त्यात होता. आत्या धडात शिरली, मग तळघरातल्या दोघींनी मिळून ते डोकं उचललं आणि तिच्या खांद्यांवरच्या कड्यात बसवलं. मानेमागे दोन खटके होते. ते खट् खट् लावले.

"हे आतून कसे उघडायचे?" लवंगीने विचारलं.

"आतून उघडत नाहीत," तिथल्या साहेबांनी सांगितलं. हे साहेब दुकानाचे देखरेखीचे अधिकारी. गळ्यात शिट्टी अडकवलेली, म्हणून तळघरातल्या बायका त्यांना शिट्टीसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. "आणि बाई, नियम लक्षात आहे ना? रस्त्यावर डोकं काढायचं नाही. बोलायचं नाही. अस्वलाच्या आत माणूस आहे हे कळलं, की मुलांचा हिरमोड होतो. आपण सगळं मुलांसाठी करतो."

अस्वलाच्या तोंडातल्या जाळीतून आत्याचा आवाज आला, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा. "पाणी मिळेल ना साहेब मध्ये?"

"मंडपापाशी पोचलात की मिळेल. मालक तिथे बसणार आहेत. त्यांच्यापुढून गेलात की सुटलात."

बाबा आणि लवंगी मोठ्या रस्त्यावर येऊन उभे राहिले. पोलिसांनी दोन्ही बाजूंना दोर बांधले होते. त्यांना जागा चांगली मिळाली, अगदी दोराला लागून, मंडपाच्या शंभरएक पावलं अलीकडे. शेजारी एक गृहस्थ आपल्या चारेक वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते. ऊन मी म्हणत होतं. डांबर मऊ झालं होतं, आणि लवंगीच्या चपला उचलताना चिकट आवाज करत होत्या.

बँड आले, गेले. बंब आले, त्यांनी भोंगे वाजवले. लवंगीने टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, तिला मजा येत होती. मग दुकानाचा ट्रक आला, रंगीत खोक्यांनी भरलेला, आणि ट्रकच्या पुढे निळं अस्वल. डोलत, दोन्ही पंजे हलवत. लवंगी दोरावर ओणवी होऊन ओरडली, "आत्या!" अस्वलाने मान वळवली आणि एक पंजा तिच्याकडे बघून हलवला, जरा जास्तच जोरात.

तेवढ्यात मिरवणूक थांबली.

पुढे मंडपाजवळ कुठलातरी ट्रक बंद पडला होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. बँडवाल्यांनी टोप्या काढून वारा घेतला. कसरतीची मुलं फुटपाथवर सावलीत जाऊन बसली. बंबवाल्यांनी दारं उघडली. अस्वल मात्र रस्त्याच्या मधोमध उभं होतं आणि पंजे हलवत होतं, कारण शिट्टीसाहेब बाजूला उभे होते. पंजा खाली आला की शिट्टी वाजायची. पंजा वर जायचा.

"बाबा, तिला पाणी द्या ना."

बाबांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तिच्यात नळी घातली आणि दोर उचलून ते पुढे गेले. "साहेब, ही नळी जाळीतून आत घातली तरी पुरे. मिनिटाचं काम आहे."

"अहो, काय करताय?" शिट्टीसाहेबांनी त्यांचा हात धरला. "ते बघा, फोटो काढतायत लोक. अस्वल नळीने पाणी पितंय, बरं दिसतं का ते?"

"माझी बहीण आहे आत."

"आत कोणी नाही. अस्वल आहे," शिट्टीसाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "आणि तुमच्या बहिणीला नोकरी हवी असेल तर तुम्हीही असंच म्हणा."

बाबा परत आले. बाटली तशीच हातात, भरलेली.

"दिलं नाही?" लवंगीने विचारलं.

"थोडा वेळ थांब बेटा. सुटेलच आता."

"तुम्ही भांडला का नाहीत?"

"भांडून काय होतं? उद्या तिला कामावर जायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"पाणीच तर देत नाहीयेत, बाबा!"

शेजारचे गृहस्थ हसले. बाबांनी खाली पाहिलं. लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिट्टीसाहेबांचा राग आला, बाबांचा आला, हसणाऱ्या गृहस्थांचा तर फारच आला. मुलांनो, राग वाईट असतो असं तुम्हाला मोठी माणसं सांगतात. मीही सांगितलंय, कितीदा तरी. पण मोठ्या माणसांना राग यायला हवा होता आणि कोणालाच आला नाही, तेव्हा तो सगळा एका नऊ वर्षांच्या मुलीकडे आला. तो तिने कुठे ठेवायचा?

एक मोठा मुलगा दोराखालून शिरला, अस्वलाच्या मागे गेला आणि त्याने अस्वलाच्या पोटरीत लाथ घातली. मित्र खिदळले. अस्वल एक पाऊल पुढे कोलमडलं. शिट्टी वाजली, पण मुलासाठी नाही. अस्वलाचा पंजा खाली आला होता, म्हणून.

पंजा वर गेला, अर्धाच. थरथरला आणि खाली पडला. अस्वल गुडघ्यांवर बसलं. मग ते मोठं निळं डोकं पुढे झुकत झुकत रस्त्याला टेकलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"अस्वल दमलं!" शिट्टीसाहेब भोंगा तोंडाला लावून ओरडले. "बालमित्रांनो, आपलं अस्वल झोपलं! उठवायचं का त्याला? जोरात टाळ्या!"

टाळ्या आणखी वाढल्या. फोन वर झाले. "ऊठ अस्वला, ऊठ!" असं सगळा फुटपाथ ओरडू लागला. ओरडणाऱ्यांत कोणी दुष्ट नव्हतं, हेच वाईट. त्यांना खरंच वाटत होतं, हा खेळ आहे. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचा एक पाय दोराच्या पलीकडे गेला आणि तिथेच अडकला, जणू कोणी हुकूम देईल याची वाट बघत होता.

लवंगीने बाबांच्या हातातली बाटली हिसकावली आणि दोराखालून पळाली.

"ए मुली, मागे हो!" शिट्टीसाहेब आडवे आले. "अस्वलाला हात लावायचा नाही. मुलांचा हिरमोड होतो, कळत नाही?"

"मी कोण आहे मग?" लवंगी ओरडली. तिचा आवाज चिरका झाला, फाटला. "मी मूलच आहे ना? माझा झालाय हिरमोड! केव्हाचा झालाय! माझी आत्या आहे आत!"

ती त्यांच्या काखेखालून निसटली, अस्वलाच्या मानेपाशी पोचली आणि केसांत बोटं खुपसून खटके शोधू लागली. एक निघाला. दुसरा घामाने गंजल्यासारखा घट्ट बसला होता. तिने तो दोन्ही अंगठ्यांनी रेटला, नख मोडलं, आणि खट् आवाज झाला. मग तिने कानांना धरून ते डोकं ओढलं. ते तिच्याहून रुंद होतं. ते निघालं तशी ती डोक्यासकट मागे पडली.

टाळ्या एकदम थांबल्या.

रस्त्यावर एक बाई गुडघे टेकून बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे, डोळे मिटलेले. ती तोंड उघडून हवा घेत होती, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी. आता बाबांचे पाय सुटले. ते धावत आले, त्यांनी तिला धरलं आणि बाटली तिच्या ओठांना लावली. अर्धं पाणी तिच्या अंगावर सांडलं, अर्धं पोटात गेलं.

खांद्यावरचं ते चार वर्षांचं पोर मोठ्याने म्हणालं, "पप्पा, अस्वलात काकू आहे!" मग जरा विचार करून म्हणालं, "काकूला पंखा लावा ना."

कोणी रडलं नाही. एकाही मुलाचा हिरमोड झाला नाही. त्या लाथ घालणाऱ्या मुलाने मात्र मान खाली घातली आणि तो गर्दीत मागे मागे सरकला.

तेवढ्यात पुढचा ट्रक घरघरला. मिरवणूक हलली. बँडवाल्यांनी टोप्या चढवल्या.

शिट्टीसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मंडपाकडे पाहिलं. "झालं ना पाणी? बरं वाटतंय ना बाई? उठा मग. शंभर पावलं राहिलीत फक्त. मालक वाट बघतायत. ए, ते डोकं आणा इकडे."

आत्याने डोळे उघडले. ती भावाकडे बघून पुटपुटली, "घाल रे डोकं. एवढी शंभर पावलं जाते. नाहीतर उद्या कामावरून काढतील."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, शिट्टीसाहेबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. "नाही," ते म्हणाले, पण इतक्या हळू की ते फक्त आत्याला आणि लवंगीला ऐकू गेलं.

"डोकं आणा म्हणतोय ना!" शिट्टीसाहेब लवंगीच्या दिशेने आले.

लवंगीने ते डोकं मऊ डांबरावर नीट आडवं ठेवलं, अस्वलाचं नाक आकाशाकडे करून. मग ती त्याच्यावर चढून बसली, दोन्ही कान मुठींत घट्ट धरले, आणि शिट्टी वाजली तरी उठली नाही.