बापूसाहेबांनी न बघितलेली गोष्ट

सासऱ्याशी पैज लावणारी सून तळेगाव ढमढेऱ्यात आजवर कुणी ऐकली नव्हती. स्नेहलने लावली. घरची जीप शनिवार-रविवारी आपल्याला द्या, पुण्याच्या लोकांना शिरूर-दौंडच्या आडरस्त्यांवरून फिरवते, असा तिने धोशाच लावला होता. हायवेने सुसाट जाणाऱ्यांना आपल्या माळावर काय काय अजब उभं आहे याचा पत्ता नसतो, हे तिचं म्हणणं. बापूसाहेबांना हसू आलं. गवत आणि कुसळं बघायला कोण रिकामं बसलंय? शेवटी ते म्हणाले, मी न बघितलेली एक तरी गोष्ट दिवसभरात दाखव. दाखवलीस तर जीप तुझी, नाहीतर हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही.

सकाळी स्नेहल स्टेअरिंगवर बसली, शेजारी कडक टोपीत बापूसाहेब आणि मागे सासूबाई दगडाबाई. लग्न आणि दहावं सोडून दगडाबाई गाडीत बसल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांचा आनंद गाडीत मावत नव्हता. पिवळ्या गवतातून वळणं घेत जाणारा रस्ता, वर मोकळं निळं आभाळ. स्नेहलला तर गाणंच म्हणावंसं वाटत होतं.

पहिला थांबा एका बंगल्यापाशी. स्लॅबवर पाण्याची टाकी म्हणून चक्क सिमेंटचा लाल ट्रॅक्टर, चाकं माणसाएवढी. दगडाबाई चप्पल न घालताच खाली उतरल्या. बापूसाहेब मात्र जागेवरून हलले नाहीत. हा भैरूचा ट्रॅक्टर, त्याच्या पोराची सोयरीक मीच जुळवली, म्हणाले.

पुढे पिंपळाने बैलगाडीचं आख्खं चाक खोडात गिळलं होतं. ते चाक आमच्या चुलत्याचं, असं बापूसाहेबांकडून कळलं. त्यापुढे शर्यती मारलेल्या बैलाचा सिमेंटचा पुतळा, गळ्यात ताजा हार. त्याचं उद्घाटन कुणी केलं हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती, खाली फरशीवर बापूसाहेबांचंच नाव होतं.

भीमेचा पूल ओलांडला तशी स्नेहलला पैज हातची जाताना दिसू लागली. जिथे जावं तिथे सासऱ्यांची ओळख आधी पोचलेली. आता एकच ठिकाण उरलं होतं, आणि ते तिनेही पाहिलेलं नव्हतं. कासुर्डीच्या मागच्या रस्त्याला कुणी सोपानराव आहेत, त्यांच्या ज्वारीत इतकं झकास बुजगावणं आहे की पोरं गाड्या थांबवून फोटो काढतात, एवढंच तिला मैत्रिणीने सांगितलं होतं.

वळण घेतलं आणि तिने करकचून ब्रेक मारला.

हुरड्याला आलेल्या ज्वारीत बुजगावणं उभं होतं. काळं जाकीट, पांढरी टोपी, मक्याच्या कणसाच्या केसांची झुपकेदार मिशी, एक हात सभेत धरावा तसा वर आणि पोट पुढे. हुबेहूब बापूसाहेब. मागच्या सीटवर दगडाबाईंनी तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच.

बांधावरून धावत आलेल्या सोपानरावांनी जीपमधला माणूस ओळखला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बापूसाहेबांनी उतरून, हे काय, एवढंच विचारलं.

"काय सांगू बापूसाहेब," सोपानराव हात जोडून म्हणाले, "गेल्या साली पाखरांनी निम्मं रान खाल्लं. मंग आठवलं, दूध संघाच्या सभेला तुमी नुसतं उभं ऱ्हायला तरी समदी गप व्हायची. म्हनलं बघू करून. औंदा एक पाखरू बसलं न्हाई."

बापूसाहेबांचे कान लाल झाले. स्नेहलला जीप हवी होती, फार हवी होती, पण म्हाताऱ्याची अशी शोभा करून नको होती. तिला त्यांची खरंच कीव आली.

"आबा, हे आपण पैजेत धरायला नको," ती सासऱ्यांना हळूच म्हणाली. "घरी जाऊ."

हे मला आधीच ठाऊक होतं, एवढं बापूसाहेब म्हणाले असते तर कुणी हरकत घेतली नसती. ते ज्वारी बाजूला सारत आत गेले, बुजगावण्याभोवती एक चक्कर मारली, त्याच्या डोक्यावरची मळकी टोपी काढली आणि स्वतःची कडक टोपी तिथे नीट बसवली. उघड्या टकलावर ऊन घेत ते परत आले.

"का न्हाई धरायचं?" ते म्हणाले. "हे म्या बघितलं न्हवतं. जीप तुझी." मग सोपानरावांकडे वळले. "आन् लोकं फोटू काढत्यात तर पोट जरा आत घ्या की माझं."