साहेबांना ठेवलेलं नाव

नावं ठेवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. दोन्ही अर्थांनी. कुणाचं काही खटकलं की मी बोलल्याशिवाय राहत नाही, आणि आमच्या लॉन्ड्रीत जो कुणी कामाला लागतो त्याला नवं नाव मिळतं, तेही माझ्याकडूनच. आईबापांनी दिलेलं नाव पगारापुरतं. बाकी दिवसभर मी दिलेलं.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान समजू नका. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, गाड्या भरभरून येतात. एका भिंतीला धुण्याची मशीनं आणि हॉलच्या मधोमध इस्त्रीचा भलामोठा रोलर. पलीकडून ओली चादर आत सोडायची, अलीकडून कडक गरम बाहेर येते, ती दोघींनी दोन टोकं धरून घडी करायची. आवाज एवढा की स्वतःच्या मनातलंसुद्धा ऐकू येऊ नये. पलीकडे चादर सोडायला असते चिमणी. आवाज किनरा म्हणून चिमणी, अंगाने म्हणाल तर दार भरून टाकेल. अलीकडे घडीला मी आणि वन्सं. रोलर थांबवायचा खटका वन्संच्या हाताशी.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, आमच्याच घरी असतात. पण कुणाच्या उपकारात नाहीत हं! मला लॉन्ड्रीत चिकटवलं तेच मुळी त्यांनी. सकाळी डबा भरून माझ्याआधी दारात उभ्या, आणि वर मलाच म्हणणार, "वहिनी, आवर गं, लग्नाला नाही जायचंय." त्या नोकरीवर त्यांचा जीव होता.

आणि त्यांचे कान जात चालले होते. हळूहळू, चोरपावलांनी. आम्ही दोघींनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. तसं त्या हॉलमध्ये ऐकतंय कोण! आम्ही हातांनीच बोलायचो. वर मूठ केली की थांब. तळवा खाली दाबला की हळू. मी ठेवलेल्या नावांनाही वन्संनी हातांची नावं केली होती. दोन बोटांची चोच म्हणजे चिमणी. तोंडापुढे दोन्ही हातांचा कर्णा म्हणजे भोंगा.

भोंगा म्हणजे आधीचे मॅनेजर. त्यांना बोलता येत नव्हतं, ओरडताच यायचं. ते दुसऱ्या कंपनीत गेले तेव्हा आम्ही कुणी रडलो नाही.

त्यांच्या जागी नवे साहेब आले. शेलाटे, शर्टाची बाही कायम अर्धवट दुमडलेली, आणि आवाज असा की शेजारी उभं राहूनही "काय?" म्हणावं लागे. पहिल्या दिवशी भाषण नाही की काही नाही. एकेकापाशी गेले आणि विचारलं, "तुम्हाला इथलं काय खुपतं?"

माझी पाळी आली. मी म्हटलं, "साहेब, सध्या तुम्हीच खुपताय. वाटेत उभे आहात."

चिमणीच्या हातातली चादर सुटली. साहेबांनी पायाखाली पाहिलं, बाजूला सरकले आणि म्हणाले, "बरोबर आहे. आणखी काय?"

आता आली का पंचाईत! काहीतरी सांगायचं म्हणून मी ढकलगाडीच्या चाकाकडे बोट दाखवलं. ते चाक आम्ही आलो तेव्हापासून किंचाळत होतं. दुसऱ्या दिवशी आले तर चाक नवं. आठवड्याभरात धुण्याच्या मशीनपुढची निसरडी फरशी गेली, जेवायच्या खोलीत सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या आल्या. सगळं कुणी ना कुणी त्यांना सांगितलेलं. मी मात्र नावापाशी अडले. नाव ठेवायचं तर माणसाचं काहीतरी खटकायला नको का? बायका मला डिवचायला लागल्या, "काय गं, जिभेची धार गेली वाटतं?" माझ्या इतक्या वर्षांच्या लौकिकाला या माणसाने बट्टा लावला होता.

मग तो दिवस आला. सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून मी रजेवर होते. एका चादरीच्या घडीत ऑपरेशनचा लोखंडी चिमटा राहून गेला होता. चादर आत सुटली आणि मग चिमणीला तो दिसला. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "थांबवा!" वन्सं चादर ओढण्यात गुंतलेल्या. मी असते तर कोपराने ढोसलं असतं. चिमटा आत गेला, रोलरचं कापड टराटरा फाटलं आणि सगळं काम दिवसभर बंद पडलं. हॉस्पिटलात चादरींचे वांधे झाले. आणि त्या शांततेत कुणी मागून मारलेली हाकही वन्संना ऐकू आली नाही, तसं त्यांचं बिंग फुटलं.

संध्याकाळी त्या ताटावर बसल्या, पण घास उचलेनात.

"वहिनी, आता काढतील गं मला. मग काय करू? दिवसभर घरात बसून तुमच्या तोंडाकडे बघू?"

"आमची तोंडं काय वाईट आहेत का?" मी म्हटलं. त्यांना हसवायला म्हटलं. या बाईने उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, आणि दोन्ही कुणावर काढावं ते कळत नव्हतं.

सकाळी लॉन्ड्रीच्या मालकीणबाई स्वतः आल्या. बाई दुष्ट नाहीत, पण त्यांचा सगळा जीव मशीनमध्ये. रोलरवरून हात फिरवला तो आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग वन्संकडे न बघताच साहेबांना म्हणाल्या, "ऐकू न येणारी बाई खटक्यापाशी? आजच हिशोब करून मोकळं करा त्यांना."

माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. मशीनं बंदच होती, त्यामुळे त्यांचा तो बारीक आवाज पहिल्यांदाच सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"काल चिमणीताईंनी आरोळी दिली, ती कुणाकुणाला ऐकू आली? खरं सांगा. कुणाला काही होणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ढकलगाडीवाल्याने नाही म्हणून मान हलवली. धुण्याच्या मशीनवरचे काका म्हणाले, "छे हो, मी तर तिच्या मागेच होतो." वन्संच्या जोडीला घडीवर उभी असलेली बाई खाली मान घालून म्हणाली, "मलाही नाही आली, साहेब."

एक हात वर होईना. चिमणी बिचारी कानकोंडी झाली.

"बघा बाई," साहेब मालकीणबाईंना म्हणाले, "ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांनाही ऐकू आलं नाही. मग काढायचं तर सगळ्यांनाच काढावं लागेल. नाहीतर एक करू, आरोळीलाच कामावरून काढू."

अगं बाई! मी मनातल्या मनात त्यांची दृष्ट काढली.

मालकीणबाई काही अशा ऐकणाऱ्यातल्या नव्हेत. "महिनाभर बघते," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा रोलर फाटला तर त्यांना घरी पाठवायचं."

"तेव्हा मलाही पाठवा," साहेब म्हणाले. "एकाच दिवशी."

बाई निघून गेल्या. साहेब आमच्याकडे वळले. "तुम्ही दोघी हातांनी बोलता ना?"

मी सरळ कानावर हात ठेवले. "आम्ही? छे! आम्ही तर घड्या घालतो."

वन्सं त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, पुरे झालं. दाखव त्यांना."

साहेबांनी आधी वेगळंच सुचवलं. वन्संनी मागच्या शांत खोलीत बसावं, फाटके टॉवेल वेगळे करावेत, खटका दुसऱ्या कुणाकडे द्यावा. चांगल्या मनाने म्हणाले, पण वन्संचा चेहरा पडला. "साहेब, मला अडगळीत टाकू नका. मी आता कानांवर भरवसा ठेवणार नाही, डोळ्यांवर ठेवेन. खटक्यापाशीच ठेवा मला." साहेबांनी एकदा खटक्याकडे पाहिलं, एकदा वन्संकडे. त्यांचीही नोकरी टांगणीला होती, विसरू नका. मग म्हणाले, "चुकलो मी. तुमची जागा तीच. बाकीच्यांना शिकवायचं मात्र तुम्ही."

आणि मग जी शाळा भरली म्हणता! जेवणाच्या सुट्टीनंतर वन्सं मधल्या टेबलापाशी उभ्या, पुढे सगळा हॉल. मूठ वर म्हणजे थांब, आणि ज्याला मूठ दिसेल त्याने आपलीही वर करायची, म्हणजे एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला. पहिली मूठ खाली आली की सगळ्यांच्या खाली. वन्सं कुणाच्या बापाला सोडत नव्हत्या. काकांचा तळवा वाकडा पडला की त्यांचा हात धरून सरळ करायच्या. सगळ्यांत ढ कोण, तर साहेब. "कापड गरम आहे" म्हणायला गेले आणि त्यांनी तोंडापुढे दोन्ही हातांचा कर्णा केला. सगळ्या बायका पोट धरधरून हसल्या. काय झालं ते त्यांना कळेना, आणि भोंग्याची गोष्ट सांगायची हिंमत फक्त चिमणीला झाली. ऐकून तेही डोळे पुसेपर्यंत हसले.

हळूहळू हॉलमधलं ओरडणंच बंद झालं. मशीनं तेवढीच घरघरत होती, पण माणसं शांत. संध्याकाळी माझं डोकं दुखायचं थांबलं. काकांची बायको रस्त्यात भेटून म्हणाली, "हे हल्ली घरी ओरडत नाहीत हो, काय केलंत?" सगळ्यांत नवल म्हणजे, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बघितल्याशिवाय बोलणंच नाही ना! कोण दमलंय, कुणाचा हात भाजलाय, कुणाचे डोळे सुजलेत, सारं दिसायला लागलं. आणि मी? आमच्या साहेबांना अजून नाव नव्हतं.

महिना संपत आला तेव्हा हॉस्पिटलच्या मेट्रनबाई पाहणीला येणार असं कळलं. मालकीणबाई त्यांना घेऊन जिना चढत होत्या, त्याच वेळी इकडे चादरींचं काम जोरात चालू होतं. चिमणीने एक चादर आत सोडली आणि तिचे डोळे विस्फारले. चादरीच्या दुमडीत कात्री! चांगली लखलखीत, हॉस्पिटलचीच. चिमणी ओरडली नाही. तिने मूठ वर केली.

माझी त्या क्षणी तिकडे पाठ होती, खोटं कशाला बोलू. काकांचं लक्ष साबणाकडे. त्या एवढ्या हॉलमध्ये ती मूठ पहिल्यांदा दिसली ती वन्संना. मी वळेपर्यंत त्यांनी खटका दाबला होता. रोलर आचका देऊन थांबला. चादर अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि कात्री बाहेरच्या अर्ध्यात. मग वन्संची मूठ वर, माझी वर, काकांची वर. ठरल्याप्रमाणे मशीनं एकेक करून बंद झाली आणि सगळा हॉल मुठी उगारून चिडीचूप उभा राहिला.

नेमकं तेव्हाच दार उघडलं.

मालकीणबाई उंबऱ्यातच थबकल्या. मेट्रनबाईंच्या देखत त्या किंचाळल्या, "अहो, हे काय? संप?"

कुणी हललं नाही. चिमणीची मूठ खाली येईपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत, हा वन्संचा नियम, आणि चिमणी एका हाताने कात्री सोडवत होती. सोडवली. उंच धरून दाखवली. मग मूठ खाली, आणि सगळ्यांच्या मुठी खाली. वन्संनी खटका ओढला, रोलर फिरायला लागला आणि तीच चादर अलीकडून बाहेर आली, कडक, गरम, एक सुरकुती नाही. आम्ही दोघींनी तिची घडी घातली.

मेट्रनबाई पुढे झाल्या, कात्री हातात घेतली आणि ओशाळून म्हणाल्या, "आमचीच आहे." मग हॉलवरून नजर फिरवत म्हणाल्या, "एवढी मशीनं एक शब्द न बोलता थांबवलीत? आमच्या वॉर्डांत शिकवायला याल का कुणी?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं!

मालकीणबाईंनी साहेबांना विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या नाही," साहेबांनी वन्संकडे हात केला. "त्यांच्या."

बाई वन्संपाशी गेल्या. जरा घुटमळल्या. मग वन्संच्या कानाशी तोंड नेऊन जिवाच्या कराराने ओरडल्या, "शाबास! तुम्ही कुठेही जायचं नाही!"

वन्सं एक पाऊल मागे सरकल्या. "ओरडू नका बाई," त्या म्हणाल्या. "समोर उभ्या राहा, मला दिसतंय."

मालकीणबाई खरंच समोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश, ओठ नीट हलवत, तेच पुन्हा म्हणाल्या. वन्संनी मान डोलावली. डोळ्यांतून टिपूस काढतील तर शपथ. मीच रडले दोघींच्या वाटचं, खुशाल रडले.

मग वन्सं साहेबांकडे वळल्या. सगळा हॉल बघत होता. त्यांनी त्यांच्याकडे बोट केलं, आणि मग आपला तळहात कानामागे धरला, नीट ऐकायचं असलं की माणूस धरतो तसा. बस्स, एवढंच. चिमणीने लगेच तसाच हात धरला. मग काकांनी, ढकलगाडीवाल्याने, सगळ्यांनी. साहेबांना कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्हाला नाव ठेवलंय. कान."

अर्धवट दुमडलेल्या बाहीनेच त्यांनी डोळे पुसले.

नावं ठेवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी सुरुवातीला म्हटलं होतं ना? वन्संनी धरला.