कोऱ्या प्लेटा

पहिला फटका सुशांतने मारला, तोही पाण्याच्या बाटलीने. स्टीलची बाटली, काठोकाठ भरलेली. ती सलिलच्या भुवईवर बसली तेव्हा नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. झाकण उडालं आणि पाणी टेबलावरच्या जिवाणूंच्या उघड्या प्लेटांवर सांडलं.

संचिता दारात उभी होती. डोंबिवलीच्या कॉलेजच्या टीमची ती कप्तान, सुशांत तिच्याच टीममधला. वर्षभर खपून त्यांनी एक जिवाणू घडवला होता. पाण्यात क्रोमियम हा विषारी धातू असला की तो लाल व्हायचा. स्पर्धेचा नियम असा, की दुसऱ्या एखाद्या टीमने तो आपल्या प्रयोगशाळेत वाढवायचा, स्वतः तपासायचा आणि खाली सही करायची. सहीशिवाय प्रवेश नाही. म्हणून संचिताने तो बर्फात घालून टेंभी नाक्याजवळच्या या कॉलेजात, सलिलच्या टीमकडे आणून दिलेला.

सलिल सही करत नव्हता. जिवाणू लाल होतो, हे त्याला मान्य होतं. अडलं होतं कोऱ्या प्लेटांवर, म्हणजे ज्यांत क्रोमियम घातलेलंच नसतं त्यांच्यावर. डोंबिवलीत त्याही गुलाबी आलेल्या. इथे मात्र पांढऱ्याफटक.

"तुमचे आकडे फिरवलेले आहेत," तो शांतपणे म्हणाला होता. मग सुशांतकडे वळून, "की कळवा ओलांडला की विज्ञान बदलतं, भाई?"

त्यावर बाटली फिरली.

सलिलने एका हाताने भुवई दाबली आणि दुसऱ्याने लोखंडी स्टँड उचलला. तो सुशांतच्या खांद्यावर जेमतेम घासला. सुशांतने तो हिसकावून घेतला आणि टेबलाची कड धरलेल्या सलिलच्या उजव्या हातावर घातला. बोटं मोडल्याचं दारापर्यंत ऐकू आलं. मग त्याने सलिलला खाली पाडलं, छातीवर बसला आणि केस धरून त्याचं डोकं फरशीवर आपटू लागला.

"बोल ना आता. बोल, खोटं कोण?"

संचिता हलली नाही. रागाने तिचे कान तापले होते आणि सुरुवातीला तिला बरं वाटत होतं. चांगलंच बरं वाटत होतं. फरशीच्या फटींतून रक्त तिच्या चपलेपर्यंत आलं तेव्हा कुठे ती धावली आणि सुशांतची मान मागून आवळून तिने त्याला ओढलं. आतल्या खोलीतून सलिलच्या टीममधली क्षिप्रा पळत आली, तोवर सगळं होऊन गेलेलं.

पोलिसांना सुशांतने सांगितलं, आधी सलिलने स्टँड उगारला, मी बचाव केला. स्टँडवर सलिलच्या हाताचे ठसे होतेच.

दुसऱ्या दिवशी संचिता प्रयोगशाळा साफ करायला गेली. क्षिप्राने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"झाडू कशाला? तुझा पैलवान कोठडीत आहे ना, झालं की."

"मला करू दे, क्षिप्रा."

"कर. काचा आहेत, हात कापून घे."

फरशी पुसून झाल्यावर संचिता कोपऱ्यातल्या पिशवीकडे वळली. जिवाणू वाढवलेल्या प्लेटा तशाच कचऱ्यात टाकत नाहीत. आधी त्या दाबाच्या वाफेत उकळून मारतात. कालच्या प्लेटा त्यासाठीच राहिल्या होत्या. वरच्या दोन लाल दिसल्या.

"सलिलचं रक्त," क्षिप्रा म्हणाली.

"रक्त एव्हाना तपकिरी झालं असतं." संचिताने प्लेट उजेडात धरली. लाली थेंबाथेंबाने उतरली होती आणि फक्त जिवाणू वाढले होते तिथेच. "या कोणत्या?"

क्षिप्राने बुडाशी लिहिलेलं वाचलं. "कोऱ्या." मग तिने दुसरीही उलटून पाहिली. "त्या बाटलीत पाणी कुठलं होतं?"

"आमच्या कूलरचं. कॉलेजची बोअर आहे, त्याला फिल्टर बसवलाय."

"आणि जिवाणूंचं खाद्य कशात कालवता तुम्ही? डिस्टिल्डमध्ये ना?"

डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र गेल्या वर्षीच्या गणपतीपासून बंद होतं. फिल्टरचं पाणी शुद्धच असतं की, असं म्हणून सगळे कूलरखाली भांडं धरायचे. कोऱ्या प्लेटा कोऱ्या नव्हत्याच. जिवाणूने बिचाऱ्याने पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगितलं होतं, आणि त्यांनी त्याला 'थोडा गुलाबी येतोच' म्हणून गप्प केलं होतं.

बाटली पोलिसांनी नेली होती. संचिता डोंबिवलीला जाऊन कूलरचं पाणी घेऊन आली. दोघींनी नव्या प्लेटा मांडल्या, काहींवर ते पाणी, काहींवर डिस्टिल्ड. एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. दुसऱ्या सकाळी डिस्टिल्डच्या प्लेटा पांढऱ्या होत्या, बाकीच्या लाल.

सलिल कळव्याला दवाखान्यात होता. एक डोळा पूर्ण मिटलेला, जबडा सुजलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. संचिताने प्लेटा त्याच्या उघड्या डोळ्यासमोर धरल्या आणि सगळं सांगितलं.

"हे पाणी पीत होता तुम्ही?" त्याचे शब्द ओठांतच अडकत होते.

"तीन वर्षं."

"सुशांतपण?"

"बाटली त्याचीच होती."

त्याने प्लेटा बाजूला सारल्या. मग डावा हात पुढे केला. "दे तो सहीचा कागद. जिवाणू खरा आहे तुमचा." त्याने वाकडीतिकडी सही केली. कागद तिच्या हाती गेल्यावर म्हणाला, "तक्रार मागे घेणार नाही मी."

"मी ते मागायला आलेच नाही," संचिता म्हणाली. ती तेही मागायला आली होती.

"क्षिप्रा आत होती. सुशांत म्हणतो, मी आधी मारलं. तुझ्याशिवाय कुणी बघितलेलं नाही." त्याने पेन तिच्याकडे सरकवलं. "मी तुझं तपासलं, संचिता. आता तू माझं तपास. लिहून दे पोलिसांना."

सुशांतची आई सकाळीच तिच्या दारात बसून गेली होती. कोऱ्या कागदावर संचिताचं पेन थांबलं, मग चालू लागलं. पहिला फटका सुशांतने मारला, असं तिने लिहिलं. त्याच्याखाली लिहिलं, मी दारात उभी होते.