अडकलेली कॅसेट

बाईंनी हँडब्रेक खेचला. गाडी आचका देऊन कचरापेटीच्या वीतभर अलीकडे थांबली. इंजिन बंद पडलं आणि त्याबरोबर टेपही.

"काकू, मी काय सांगितलं होतं?"

"हळू."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"ते गाणं एकदम ओरडायला लागलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप खाली जातो हो."

बाईंनी कपाळ चोळलं. बावीस वर्षं त्या ड्रायव्हिंग शिकवत होत्या. डावं-उजवं न कळणारे, घाम पुसायला दोन्ही हात सोडणारे, सगळे त्यांच्या हाताखालून तरून गेले होते. निवृत्त ग्रंथपाल असलेल्या या काकू मात्र दोनदा नापास झाल्या होत्या आणि तिसरी परीक्षा शुक्रवारी होती. त्यांची थोरली बहीण गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात होती. तिकडची बस बंद झाली, म्हणून एकसष्टाव्या वर्षी हा खटाटोप. शिकायचं तर स्वतःच्याच गाडीवर, हा वर हट्ट. सेकंडहँड गाडी. टेपमध्ये आधीच्या मालकाची कॅसेट अडकलेली. गाडी सुरू केली की ती वाजायची, आणि आवाज कमी करायचं बटण तुटलेलं.

"हा टेप काढून का टाकत नाही तुम्ही?"

"मेकॅनिक म्हणतो, तो काढला तर हॉर्नही जाईल. हॉर्न मला लागतो."

"लागतो खरा," बाई म्हणाल्या. "चला, परत."

गाडी निघाली. गिटार खरखरली. गाणारा झोपेतून उठवल्यासारखा कुरकुरत होता. बाई आरशात मागचा टेम्पो बघत होत्या, आणि तशाच, नजर न हलवता म्हणाल्या, "आता पाय वर घ्या."

काकूंनी घेतला. पुढच्याच क्षणी ढोल कोसळल्यासारखे वाजले आणि गाणारा घसा फाडून ओरडू लागला. गाडी मुकाट सरळ गेली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"समोर बघा."

कोपऱ्यावर पुन्हा तेच. "दोन ओळी थांबा. आता. पाय वर."

"मॅडम, तुम्हाला हे पाठ आहे."

"ग्रंज म्हणतात या रॉक संगीताला. कॉलेजात ऐकायचे." बाईंना स्वतःचाच राग आला. "सोडलं मग."

सोडलं असंही नव्हतं. टेपरेकॉर्डर बिघडला तेव्हा मुलं लहान होती, दुरुस्तीला टाकू टाकू म्हणत राहून गेलं. पुढे दिवसभर इंजिनं आणि हॉर्न ऐकून आल्यावर घरी पंख्याचासुद्धा आवाज नको वाटायचा. आणि आता, असल्या भिकार स्पीकरमधून, तो आवाज थेट बरगड्यांवर येऊन आदळत होता. एकोणिसाव्या वर्षी आदळायचा तसाच. बाईंची बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती. लक्षात आल्यावर त्यांनी ती मुठीत घेतली.

"मॅडम, डावीकडचं वळण मागे गेलं. तुम्ही सांगितलंच नाही."

"सगळं मीच सांगायचं का? पाट्या वाचा जरा."

शुक्रवारी तपासनीस काकूंच्या शेजारी बसले. बाई परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. गाडी पलीकडून वळून आली तशी तिच्या खिडकीतून कुरकुर ऐकू येऊ लागली. ढोल वाजले, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या बाईंचीच टाच जमिनीवरून उचलली गेली. गाडी शहाण्यासारखी पुढे गेली.

तपासनीस कान चोळत उतरले. "पास आहेत," ते म्हणाले. "पण हे काय ऐकतात या?"

काकू सही करून आल्या. चेहरा लाल झाला होता. "आता इथून थेट बहिणीकडे जाते. तुमचे फार उपकार झाले, मॅडम."

"एकट्याच?"

"लायसन्स मिळणारच की आता."

"मिळालं नाही अजून. शिवाय तुमचा रिव्हर्स कच्चा आहे."

"तपासनीसांनी तर रिव्हर्सचंच कौतुक केलं."

"त्यांना काय कळतंय." बाईंनी दार उघडलं आणि आत बसल्या.

काकूंनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"जायला पाऊण तास लागतो हं, मॅडम."

"लागू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पट्टा ओढून घेतला.