शेगडीचा निळा रंग

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. रेणुकाने शेडचे दार उघडले, एक पाऊल आत टाकले आणि ती तिथेच थांबली. तिने नाकाने दोनदा श्वास घेतला. मग झपाट्याने रॅककडे जाऊन तिने जाळीवरची पाने उचलून पाहिली. आदल्या दिवशी संध्याकाळी चिरून पसरलेला तुतीचा पाला जसाच्या तसा होता. त्यावर चाळीस हजार रेशीम अळ्या माना वर करून बसल्या होत्या. कात टाकायच्या वेळी अळ्या अशा बसतात, पण ती वेळ अजून तीन दिवस लांब होती.

शेडमध्ये तेलाच्या रंगाचा जळका वास भरला होता. तो वास माझ्या अंगाचा होता.

मित्रांनो, मी डोणगावजवळच्या एका शेतातली जुनी शेगडी आहे. माझ्या पोटात लाकडे किंवा कोळसे टाकत नाहीत. सोयाबीनचे कुटार म्हणजे भुसा आणि पऱ्हाटी म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या दळून, दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या हे माझे अन्न आहे. त्यांना सगळे पेलेट म्हणतात. डोक्यावरच्या टाकीतून ते थोडे थोडे खाली उतरतात, पंखा त्यांना वारा घालतो आणि धूर नळीतून भिंतीपलीकडे जातो. आत राहते ती फक्त ऊब.

चिखलीच्या शालिग्राम मिस्त्रींनी मला सहा वर्षांपूर्वी जाड पत्र्यातून घडवले. त्यांनी प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून फुगा येतो का ते पाहिले आणि मगच मला जीपमध्ये चढवले. निघताना रेणुकाच्या नवऱ्याला, प्रेमानंदला, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. दरवर्षी थंडीआधी मला आतून-बाहेरून साफ करायचे. आणि रंग द्यायचा तर आच सोसणारा भट्टीचाच द्यायचा, दिल्यावर आधी बाहेर उघड्यावर चार तास पेटवायचे. प्रेमानंदने दोन्ही वेळा मान हलवली होती.

रेशीम अळीला पंचवीस अंश हवेत. थंडी वाजली तर ती खात नाही, आणि खाल्ले नाही तर कोष विणत नाही. पहिल्या चार हिवाळ्यांत मी शेडचा काटा पंचविसावरून ढळू दिला नाही. दुसऱ्या वर्षी कोष इतके टणक आणि पांढरे निघाले की रेशीम केंद्रातल्या नीरजा मॅडमनी शेतकऱ्यांची एक तुकडी मला बघायला आणली. कोणी माझ्या नळीला हात लावून पाहिला, कोणी फोटो काढला. त्या दिवशी रेणुकाने मला दोनदा पुसले.

पण थंडी चार महिन्यांची असते. उरलेले आठ महिने मी ओसरीच्या कोपऱ्यात उभी असायचे. माझ्या टाकीत पालीने अंडी घातली. नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले. कोणीतरी युरियाची फाटकी गोणी माझ्या खांद्यावर ठेवली आणि ती सगळा पावसाळा तिथेच राहिली. दसऱ्याला गोणी उचलली तेव्हा खांद्याला तळहाताएवढा गंज चढला होता.

गेली दोन वर्षे या शेडला चांगली गेली नव्हती. एक बॅच उन्हाळ्यात गेली, दुसरी रोगाने. रेणुकाचे सासरे माणिकराव मनातले लपवून ठेवणारे नाहीत. दिवाळीनंतर जेवताना त्यांनी सांगून टाकले, "ही बी बॅच गेली तं तुती मोडून हरभरा पेरू. अन् ते डबडं भंगारात." मी ओसरीत उभी होते, मला स्पष्ट ऐकू आले.  तुतीची कलमे रेणुकाने स्वतः लावलेली आहेत. दोन एकरांतले एकूण एक झाड तिला ठाऊक आहे.

म्हणून यंदा प्रेमानंदने मनावर घेतले. त्याने मला अंगणात आणून उघडले. पंख्याची पाती दात घासायच्या जुन्या ब्रशने घासली. जळणाच्या भांड्याची बारीक भोके सायकलच्या तारेने एकेक करून मोकळी केली. दोरीला गोणपाट बांधून नळीतून तीन वेळा ओढले, तेव्हा घमेलेभर काजळी निघाली. गंज पॉलिश पेपरने इतका घासला की पत्रा चमकू लागला. मित्रांनो, सहा वर्षांत माझी इतकी सेवा कोणी केली नव्हती.

मग रंगाची वेळ आली. भट्टीचा रंग डोणगावात मिळाला नाही, त्यासाठी चिखली गाठावी लागणार होती. घरात मात्र निळ्या तेलरंगाचा अर्धा डबा पडून होता, विहाराच्या ग्रिलला धम्मचक्र दिनाआधी दिलेला. प्रेमानंदने त्याचे दोन हात दिले आणि तीन दिवस मला उन्हात ठेवले. रंग बोटाला लागेना, वासही येईना. रेणुकाची सासू जनकाबाई मला बघून म्हणाली, "नवरीवानी दिसून राह्यली वं हे." मलाही तसेच वाटले. तेच माझे चुकले.

रंग वाळला म्हणजे पिकला असे नसते. थंड पत्र्यावर तो गुपचूप बसतो आणि पत्रा तापला की आतले तेल बाहेर सोडतो. हे मला माहीत होते, पण मला सांगता येत नाही.

प्रेमानंद मला गुरुवारी बाहेर पेटवणार होता. विकत घेतलेल्या लहान अळ्या शुक्रवारी गाडीने यायच्या होत्या. पण मंगळवारीच फोन आला की गाडी डोणगावकडे निघाली आहे, अळ्या आजच उतरवतो. त्यातच त्या दिवशी पहिला गारठा पडला. संध्याकाळी सातला त्याने मला शेडमध्ये लावून मंद पेटवले. तेव्हा वास माणसांना कळण्याइतका नव्हता, अळ्यांना तेवढाही पुरला. पहाटे बाहेर तेरा अंश झाले, तसा त्याने पंखा वाढवला आणि मी तापले.

आता सकाळी रेणुकाने हाक मारली तसा तो धावत आला.

"हिले बाहेर पेटवली होती का?" तिने विचारले.

"उद्या पेटवणार होतो."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्याचे नाक लाल झाले होते. चार दिवस त्याला सर्दी होती.

"मले वासच नाही आला वं," तो म्हणाला.

याच माणसाने अळ्यांसाठी वीस वर्षांची तंबाखू सोडली होती. तंबाखूच्या हाताने पाला दिला तर अळी मरते, असे नीरजा मॅडमनी सांगितले त्या दिवसापासून त्याने पुडीला हात लावला नव्हता.

रेणुकाने खिडक्या उघडल्या. वास बाहेर जाऊ लागला आणि त्याच्याबरोबर ऊबही. सव्वासातला शेडमध्ये एकोणीस अंश होते. तिने नीरजा मॅडमना फोन लावला. मॅडमनी सांगितले की जुना पाला काढा, चुन्याची भुकटी मारा, हवा खेळती ठेवा, पण अठराच्या खाली जाऊ देऊ नका. शेवटचे वाक्य रेणुकाने सगळ्यांना ऐकवले, "संध्याकाळपर्यंत पानाले तोंड लावलं तं वाचल्या समजा."

दोघांनी मला गरम असतानाच ओल्या पोत्यात धरून अंगणात आणले. प्रेमानंदने टाकी भरली, पंखा पूर्ण सोडला. विहारातली दोन मोठी पातेली आली. जनकाबाईने चुलीवर पाणी उकळत ठेवले, आणि दर अर्ध्या तासाला झाकलेली गरम पातेली रॅकखाली सरकवली जाऊ लागली. ऊन पडले असते तर बरे झाले असते, पण नऊनंतर आभाळ भरून आले ते तसेच राहिले.

माझा निळा रंग आधी फुगला, मग तडकला, मग काळा होऊन पापुद्र्यांनी गळू लागला. मला त्याचे काही वाटले नाही. वास लवकर संपावा एवढेच वाटत होते. उघड्या खिडकीतून मला रॅकचा एक कोपरा दिसत होता, आणि त्यावरच्या वर झालेल्या माना.

वास गेला की नाही हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न होता. प्रेमानंदचे नाक बंद. रेणुका सकाळपासून त्या वासात, तिला आता सगळीकडे तोच येत होता. तेव्हा माणिकराव खाटेवरून उठले. "माह्यावर सोडा," ते म्हणाले. "याच्या नाकात तं जत्रा भरली हाये." ते दर अर्ध्या तासाने येत, काठी टेकून वाकत, माझ्या नळीपाशी हुंगत आणि म्हणत, "अजून हाये." दहा वाजता अजून हाये. साडेअकराला अजून हाये. त्या तीन तासांत त्यांनी हरभऱ्याचे नाव काढले नाही. एकला मात्र ते बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "आता नुसती राख." रेणुकाने तरी आणखी तासभर मला जळू दिले.

मित्रांनो, वस्तूची निगा ठेवणारी माणसे थोडी. प्रेमानंद त्या थोड्यांतला आहे, म्हणून त्याला दोष द्यायला माझे मन होत नाही. पण निगा ही शेवटच्या पायरीपर्यंत करायची असते. घासलेत, पुसलेत, रंगवलेत, तर ज्याच्याजवळ ठेवायचे त्याच्या जिवाला सोसेल का, हेही एकदा पेटवून बघा. खांद्यावर गोणी ठेवताना विचार करा. आम्हाला बोलता येत नाही. आमच्याकडून चूक झाली की ती दुसऱ्या मुक्या जिवाला लागते.

दोन वाजून वीस मिनिटांनी मी पुन्हा शेडमध्ये आले, काळी आणि बोडकी. पावणेचारला काटा पंचविसावर गेला. चारला रेणुकाने कोवळी पाने बारीक चिरली, स्वच्छ धुतलेल्या हातांनी रॅकच्या चारही कप्प्यांवर पसरली आणि रॅकपाशी उकिडवी बसली.

आता पाच वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. दाराशी माणिकराव उभे आहेत. अंगणात गळलेल्या रंगाचा वास आत जाऊ नये म्हणून त्यांनी चपला बाहेर काढल्या आहेत. "खाल्लं का वं?" त्यांनी दोनदा विचारले आहे. रेणुका पाने उचलून उजेडाकडे धरून पाहते आहे. खालच्या दोन कप्प्यांत पानांना बारीक भोके पडली आहेत. तिसऱ्यात कडेकडेने पडली आहेत, मधे नाहीत. माझ्या नळीजवळच्या चौथ्या कप्प्यात अजून एकही पान कुरतडलेले नाही.