डमी काडतूस

कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले की आमचं गोळीबाराचं दालन पाण्याखाली गेल्यासारखं होतं. वरच्या झरोक्यातून दुपारचं ऊन उतरतं, त्यात धूर आळसावून फिरत राहतो आणि बोलणाऱ्यांचे नुसते ओठ हलताना दिसतात. पोलिसांची हत्यारं दुरुस्त करायची आणि त्यांच्या नेमबाजीची परीक्षा घ्यायची, हे काम मी बावीस वर्षं करतेय. त्या दिवशी समोर माझा पोलिसातलाच धाकटा भाऊ उभा होता आणि सगळं झोपेत चाललंय असं मला वाटत होतं.

आठवड्यापूर्वी एका जिन्यात त्याने वर पळणाऱ्या आरोपीवर सहा गोळ्या झाडल्या. तो माणूस काही पडला नाही. उलट त्यानेच वळून एक झाडली, ती भावाच्या पथकातल्या जोडीदाराच्या कमरेत बसली. तो अजून इस्पितळात आहे, पाय हलत नाहीत. तेव्हापासून आमच्या बंधुराजांचं एकच पालुपद, की नऊ मिलिमीटरची गोळी कुचकामी, लागते आणि आरपार निघून जाते, मोठ्या बोअरचं, जाड गोळीचं पिस्तूल असतं तर तो जागीच आडवा झाला असता. जेवताना तेच, आईशी फोनवर तेच. शेवटी अर्ज घेऊन माझ्याकडे आला. सोमवारी पुन्हा पथकावर रुजू व्हायचं होतं, त्याआधी ताईने मोठं पिस्तूल मंजूर करावं म्हणून.

बाबा रे, म्हटलं, मोठी गोळी चुकली तर भिंतीला मोठं भोक पडतं, एवढाच फरक. त्याला हसू आलं नाही.

मी मोठं पिस्तूल काढलं आणि त्याच्याकडे पाठ करून मॅगझिन भरलं. पाच खरी काडतुसं आणि मध्येच दोन डमी, ज्यांत दारूच नसते. ही आमची जुनी खोडी. खऱ्या गोळीच्या धक्क्यात हात काय करतो ते कळत नाही. डमीला धक्का नसतो, तेव्हा हात उघडा पडतो.

पहिली उडाली. दुसरी उडाली. तिसऱ्याला नुसतं टिक् झालं आणि पिस्तुलाचं तोंड चटकन खाली गेलं, पेंगणाऱ्या माणसाची मान कलंडावी तसं. आवाज व्हायच्या आधीच हात दचकला होता. लहानपणी दुसरं कोणी फुगा फुगवत असलं तरी हा डोळे घट्ट मिटून बसायचा, ते मला आठवलं.

मग त्याच्या नेहमीच्या पिस्तुलात तसंच भरून दिलं. हात तिथेही खाली गेला, जरा कमी इतकंच.

धूर विरल्यावर त्याने पिस्तूल खाली ठेवलं. मग त्याने मफ काढून गळ्यात अडकवले.

"ताई, म्हणजे जिन्यात माझी एकही लागली नव्हती?"

तो जिना मी पाहून आले होते, तपासासाठी मलाच बोलावलं होतं. आठवडाभर घरात ब्र काढला नव्हता.

"नाही," म्हटलं. "सहाच्या सहा पायऱ्यांत रुतल्यात."

"मग परीक्षेत मी पास कसा झालो?"

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. मागच्या परीक्षेतला त्याचा टार्गेटचा कागद मीच पाहिला होता. सगळी भोकं खाली, दोन गोळ्या तर कागदाबाहेर. त्याचं लग्न ठरलेलं, बढती तोंडावर, त्यात आईने दोनदा फोन केलेला. मी डोळ्यांवर कातडं ओढून सही ठोकली. दुसऱ्या कोणाला मी असं सोडलं नसतं.

"मी केलं."

तो बाकावर बसला. ऊन भिंतीवरून सरकत दाराशी आलं होतं. मला रडू येत होतं, त्याचा राग येत होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. मी परीक्षेचं रजिस्टर काढलं, त्याच्या नावापुढची माझी सही खोडली आणि नापास लिहिलं. आता सोमवारी तो पथकावर जाणार नव्हता. साहेबांना कळल्यावर कदाचित मीही या दालनात राहणार नव्हते.

त्याने अर्ज चुरगळून खिशात घातला. संध्याकाळी त्याला रोजच्यासारखं इस्पितळात जायचं होतं, जोडीदाराच्या बायकोशेजारी बसायचं होतं.

"वहिनींना काय सांगू?" त्याने विचारलं.

"मला घेऊन चल," म्हटलं. "मी सांगते."